काना, मात्रा, वेलांटी नापास: जँगोच्या एका युजरनेम टेस्टचं परीक्षण

पेट-नेटच्या तयारीत असताना पेपर कसा वाचायचा हे सगळे सांगतात. सारांश आधी वाचा, मग निष्कर्ष, मग पद्धत. पण संगणकशास्त्रात संशोधन करायचं असेल तर आणखी एक गोष्ट वाचता यायला हवी, आणि ती अभ्यासक्रमात कुठेच नसते. ती म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या ऑटोमेटेड टेस्ट. आज एका छोट्या टेस्टचं परीक्षण करू. टेस्ट छोटी म्हणजे खरंच छोटी, पंचवीसेक ओळींची. पण तिच्यात एक भोक आहे, आणि आपल्या मराठी नावांपैकी बहुतेक नावं त्या भोकातून खाली पडतात.

आधी दोन शब्दांत पार्श्वभूमी. ऑटोमेटेड टेस्ट म्हणजे प्रोग्राम तपासणारा प्रोग्राम. अमुक इनपुट दिलं तर अमुक उत्तर यायला पाहिजे, नाही आलं तर लाल दिवा. कोडमध्ये बदल झाला की हजारो टेस्ट आपोआप चालतात. म्हणून टेस्टकडे नुसतं तपासणीचं साधन म्हणून बघू नका. टेस्ट हे प्रोग्रामरने लिहून ठेवलेलं मत असतं: आपल्या सॉफ्टवेअरने कुणाला आत घ्यावं आणि कुणाला दाराशी थांबवावं. खातेव्यवस्थापनाच्या, म्हणजे नोंदणी, लॉगिन, पासवर्ड बदलणे वगैरे भागाच्या टेस्टमध्ये तर हे मत अगदी उघड दिसतं.

आणि हा भाग आता कुणाला टाळता येत नाही. आमच्या छावणीचंच उदाहरण घ्या. १६ फेब्रुवारी २०२१ रोजी संरक्षणमंत्र्यांच्या हस्ते ‘ई-छावणी’ पोर्टल सुरू झालं आणि देशातल्या त्या वेळच्या ६२ कटकमंडळांचं नागरी कामकाज एका छत्राखाली आणायचं ठरलं. आपलं कटकमंडळ त्यातलंच एक. खातं उघडलं की तक्रार, परवाना, कर वगैरे कामं घरबसल्या. म्हणजे पूर्वी कचेरीचं दार होतं तिथे आता नोंदणीचा फॉर्म आहे. आज ज्या टेस्टबद्दल लिहितोय ती या पोर्टलची नाही, हे स्पष्ट करतो. पण फॉर्म हेच दार झालं की त्या दारावर कुणाला अडवायचं हे ठरवणाऱ्या ओळी वाचणं हा फक्त तांत्रिक छंद राहत नाही.

परीक्षणाची वस्तू

जँगो हे पायथन भाषेतलं वेबसाइट बनवण्याचं मुक्त सॉफ्टवेअर. २००५ साली जाहीर झालं. आपल्याकडे इंजिनिअरिंग आणि एमसीएच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये ते हमखास सापडतं, कारण लॉगिनची सगळी व्यवस्था त्यात तयार मिळते. त्या व्यवस्थेत ‘युनिकोड युजरनेम व्हॅलिडेटर’ नावाचा एक छोटा पहारेकरी आहे. २०१६ च्या १.१० आवृत्तीत तो या नावाने आला. त्याचं काम एवढंच: युजरनेममध्ये अक्षरं, अंक आणि ॲट, टिंब, अधिक, उणे, अंडरस्कोर या पाच खुणा असतील तर सोडायचं, नाहीतर अडवायचं. सोबत एक ‘आस्की’ पहारेकरीही आहे, जो फक्त इंग्रजी अक्षरं सोडतो. म्हणजे युनिकोडवाल्याचा दावा असा, की जगातल्या इतर लिप्याही चालतील.

या पहारेकऱ्याच्या टेस्टमध्ये दोन याद्या आहेत. चालणारी नावं चार: ‘जो’, फ्रेंच ‘रेने’, शेवटच्या अक्षरावर तिरकी खूण असलेलं, उंचावलेल्या छोट्या कॅपिटलमध्ये लिहिलेलं ‘बिगबर्ड’, आणि अरबी लिपीतलं ‘अहमद’. न चालणारी सहा: अपॉस्ट्रॉफी असलेलं ‘ओ’कॉनेल’, मध्ये जागा सोडलेलं एक अरबी नाव, न दिसणारी शून्य रुंदीची जागा, न तुटणारी जागा, लांब डॅश, आणि शेवटी नवी ओळ असलेलं नाव.

आधी गुण सांगू

परीक्षण म्हणजे दोष काढणं, असा नवशिक्यांचा समज असतो. ही टेस्ट आधी दाद देण्यासारखी आहे, ती कशासाठी ते बघा.

पहिलं म्हणजे प्रत्येक नाव स्वतंत्र उपचाचणीत तपासलंय. एक नाव नापास झालं तरी बाकीची तपासली जातात आणि नेमकं कोणतं पडलं ते कळतं.

दुसरं, यादीतल्या विचित्र दिसणाऱ्या नावांमागे इतिहास आहे. ‘बिगबर्ड’ घ्या. २०१३ साली स्पॉटिफायने स्वतःच जाहीर केलेली घटना आहे. तिथे नाव साधं करून साठवण्याची पद्धत एका फेरीत पूर्ण होत नव्हती. उंचावलेल्या अक्षरांतलं ‘बिगबर्ड’ पहिल्या फेरीत मोठ्या लिपीतलं व्हायचं आणि दुसऱ्या फेरीत छोट्या लिपीतलं. नोंदणीच्या वेळी एक फेरी, पासवर्ड बदलताना दोन. परिणाम असा, की नवं खातं उघडायचं आणि दुसऱ्याच्या खात्याचा पासवर्ड बदलायचा. तीच अक्षरं जँगोच्या यादीत दिसणं हा योगायोग वाटत नाही.

शेवटी नवी ओळ असलेलं नावही असंच. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये ‘शेवट’ दाखवणारं डॉलरचं चिन्ह पायथनमध्ये शेवटच्या नव्या ओळीकडे कानाडोळा करतं. त्यामुळे तसं नाव आत जात होतं. २०१९ मध्ये ते चिन्ह बदललं आणि त्याच दुरुस्तीबरोबर हे नाव टेस्टमध्ये आलं.

थोडक्यात, ही यादी म्हणजे जुन्या जखमांची यादी आहे. जिथे लागलं तिथे पट्टी. आणि दोषही इथेच आहे, कारण जिथे लागल्याचं कुणी ओरडलंच नाही तिथे पट्टी नाही.

भोक कुठे आहे

तुमच्या लॅपटॉपवर जँगो उघडा आणि या पहारेकऱ्याला मराठी नावं द्या. ‘कमल’ आत जाते. ‘कमला’ला तो अडवतो. ‘शरद’ पास, ‘शारदा’ नापास. ‘जय’ पास, ‘विजय’ नापास. ‘नयन’, ‘गगन’, ‘मदन’ हे सगळे पास. ‘राम’, ‘सीता’, ‘भीम’, ‘रमा’, ‘फातिमा’ नापास. देवनागरीत लिहिलेला ‘अहमद’ पास होतो, ‘मोहम्मद’ होत नाही. आमच्या भागात ‘छावणी’, ‘पडेगाव’, ‘मिटमिटा’, ‘भावसिंगपुरा’ सगळे नापास. ‘नंदनवन’ला काना नाही, मात्रा नाही, तरी एका अनुस्वारापायी बाहेर. शहराचं जुनं नाव द्या की नवं, ‘औरंगाबाद’ही नापास आणि ‘संभाजीनगर’ही. निदान या बाबतीत पक्षपात नाही म्हणायचा!

नियम तुमच्या लक्षात आला असेल. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार किंवा पाय मोडलेलं अक्षर आलं की नाव पडतं. कारण असं. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला एक वर्ग दिलेला असतो. ‘क’, ‘म’, ‘अ’ ही ‘अक्षर’ वर्गात येतात. पण काना, वेलांटी, अनुस्वार ही ‘खूण’ या वेगळ्या वर्गात, म्हणजे अक्षराला जोडून येणारी चिन्हं. जँगोचा पहारेकरी पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधली ‘वर्ड कॅरॅक्टर’ ही खूणगाठ वापरतो, आणि पायथन त्यात अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर एवढंच धरतो. जोडखुणा धरत नाही.

गंमत म्हणजे त्याच पायथनमध्ये ‘राम’ हे व्हेरिएबलचं नाव म्हणून बिनदिक्कत चालतं. प्रोग्राम लिहिताना राम शब्द आहे, लॉगिन करताना नाही.

नाव अडवल्यावर येणारा संदेश तर जास्त बोचतो. त्याचा आशय असा, की युजरनेममध्ये फक्त अक्षरं, अंक आणि त्या पाच खुणा असाव्यात. ‘कमला’ लिहिणाऱ्या बाईने अक्षरांशिवाय काय लिहिलंय? पहिलीतल्या मुलाला विचारा ‘ला’ हे काय आहे, तो ‘अक्षर’ म्हणेल. बाराखडी पाठ केलेल्या कुणालाही ल आणि काना हे दोन वेगळे नागरिक वाटत नाहीत. सॉफ्टवेअर मात्र तिला सांगतं, की तुझ्या नावात अक्षर नसलेलं काहीतरी आहे.

टेस्टला हे दिसलं का नाही?

इथून खरं परीक्षण सुरू होतं. चूक कोडमध्ये आहे हे सांगणं हा बग रिपोर्ट. टेस्ट असूनही चूक का राहिली, हे सांगणं म्हणजे टेस्टचं परीक्षण.

टेस्ट डिझाइनमध्ये ‘समतुल्य गट’ ही जुनी कल्पना आहे. सगळी इनपुट तपासता येत नाहीत, म्हणून त्यांचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटातून एक घ्यायचं. आता जँगोची चार चालणारी नावं युनिकोडच्या वर्गांत बसवून बघा. ‘जो’ आणि ‘रेने’मध्ये छोटी-मोठी लिपी असलेली अक्षरं आहेत. ‘बिगबर्ड’मध्ये बदलरूप अक्षरं. ‘अहमद’मध्ये लिपीभेद नसलेली अक्षरं. म्हणजे अक्षर या वर्गाच्या आत चांगली विविधता आहे. जोडखुणांच्या वर्गातून मात्र एकही नाही, ना चालणाऱ्या यादीत, ना न चालणाऱ्या. न चालणाऱ्या यादीत असती तर आपण म्हटलं असतं, की हा निर्णय विचार करून घेतलाय. दोन्हीकडे नसणं याचा अर्थ प्रश्नच विचारला गेला नाही.

पण ‘रेने’वरची तिरकी खूण? तीही जोडखूणच ना? इथे एक नाजूक मुद्दा आहे. लॅटिन लिपीत अक्षर आणि खूण मिळून एकच तयार चिन्ह युनिकोडमध्ये उपलब्ध आहे. कुणी ते सुटं टाइप केलं तरी जँगोचा फॉर्म तपासणीआधी नाव प्रमाणित करून घेतो आणि दोन्ही जुळून एक होतात. म्हणून युरोपीय नावांना ही अडचण जाणवतच नाही. ‘ल’ आणि काना मिळून होणारं एकसंध चिन्ह युनिकोडमध्ये नाही, ते दोनच राहतात. म्हणजे विविधतेचा पुरावा म्हणून ठेवलेलं ‘रेने’ हे उदाहरण प्रत्यक्षात प्रश्न झाकतं. बंगाली, तमिळ, थाई या लिप्यांचीही हीच गत.

दुसरं कारण मोजमापाचं. टेस्टचा दर्जा सांगायला लोक ‘कव्हरेज’ सांगतात, म्हणजे कोडच्या किती टक्के ओळी टेस्ट चालताना वापरल्या गेल्या. या पहारेकऱ्याचं सगळं काम एका ओळीतल्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये आहे. एकटा ‘जो’ पाठवला तरी ती ओळ वापरली जाते आणि कव्हरेज शंभर टक्के! तुमच्या प्रबंधात कव्हरेजचा आकडा छापण्याआधी हे उदाहरण आठवा.

तिसरं, न चालणाऱ्या नावांसाठी टेस्ट फक्त एवढंच बघते, की चूक उठली. कशामुळे उठली हे बघत नाही. नकार योग्य कारणासाठी होता का, हे अशा टेस्टमधून कळत नाही.

आणि हा दोष गुपित आहे असंही नाही. युनिकोडच्या रेग्युलर एक्स्प्रेशनविषयीच्या तांत्रिक मानकात ‘वर्ड कॅरॅक्टर’मध्ये जोडखुणा धराव्यात असं सुचवलंय, आणि पायथन ते पाळत नाही अशी नोंद पायथनच्याच बग यादीत ऑगस्ट २०११ मध्ये झाली. जावामध्ये सातव्या आवृत्तीपासून एक पर्याय चालू केला की जोडखुणा धरल्या जातात. म्हणजे जँगोने ‘युनिकोड’ हे नाव देऊन पहारेकरी उभा केला त्याच्या पाच वर्षं आधीपासून माहिती उपलब्ध होती.

विरुद्ध बाजू

चांगल्या परीक्षणात समोरच्याची बाजू त्याच्याइतक्याच जोरात मांडावी लागते. तर मांडतो.

पहिला आक्षेप: मराठीत युजरनेम ठेवतंच कोण? सगळे मोबाइल नंबर नाहीतर ईमेल टाकतात. हे बऱ्याच अंशी खरं आहे. पण लोक ठेवत नाहीत म्हणून चालत नाही, की चालत नाही म्हणून लोक ठेवत नाहीत, हे या युक्तिवादातून ठरत नाही. एकदा ‘कमला’ला नकार मिळाला की ती इंग्रजीत नाव लिहिते, आणि मग आकडेवारी सांगते की सगळे इंग्रजीतच लिहितात. शिवाय आस्की पहारेकरी वेगळा दिलेला आहेच. ज्याला इंग्रजीच हवं त्याने तो वापरावा. युनिकोड नावाच्या पहारेकऱ्याने नावाला जागावं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार: सुरक्षा. डिसेंबर २०१९ मध्ये जँगोच्या पासवर्ड रीसेटमधला एक गंभीर दोष दुरुस्त झाला. तुर्की भाषेत टिंब नसलेला एक ‘आय’ आहे. त्याचं मोठ्या लिपीतलं रूप साध्या ‘आय’सारखंच होतं. त्यामुळे तो वापरून बनवलेला ईमेल पत्ता दुसऱ्याच्या पत्त्याशी जुळल्यासारखा दिसायचा, आणि रीसेटचा दुवा साठवलेल्या पत्त्याऐवजी टाइप केलेल्या पत्त्यावर जायचा. दुरुस्तीबरोबर अशा धडकेच्या टेस्टही आल्या. तेव्हा ‘सगळी चिन्हं सोडा’ असं म्हणणं बेजबाबदारपणाचं आहे.

देवनागरीतही अशा धडका आहेत. ‘ॲ’ एक चिन्ह म्हणून लिहिता येतो, आणि ‘अ’वर चंद्र देऊन दोन चिन्हांतही. दिसायला सारखे, युनिकोडच्या लेखी वेगळे, आणि प्रमाणित केले तरी एक होत नाहीत. ‘कऱ्हाडे’मधला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो: एक खास ‘ऱ’ वापरून, दुसरा साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे न दिसणारा जोडक टाकून. हेही प्रमाणीकरणात एक होत नाहीत. उद्या जोडखुणा चालू केल्या तर एकसारख्या दिसणाऱ्या दोन ‘कऱ्हाडे’ची दोन खाती उघडता येतील. फसवणुकीला दार मोकळं. आणि तो न दिसणारा जोडक सरसकट बंद केला तर काही कीबोर्डवर टाइप केलेलं नाव अडेल.

म्हणून माझं म्हणणं ‘आत घ्या’ एवढंच नाही. आत घेण्याची टेस्ट आणि धडकेची टेस्ट जोडीने लिहायला हवी. जँगोने ग्रीक ‘ओमेगा’ आणि विद्युतरोधाचं ‘ओहम’ या सारख्या दिसणाऱ्या चिन्हांसाठी धडकेची टेस्ट लिहिली आहेच. तीच काळजी दोन ‘ॲ’साठी का नको?

संशोधकाला याचं काय?

टेस्ट आता फक्त सॉफ्टवेअर तपासत नाहीत, त्या संशोधनाचं मोजमाप झाल्या आहेत. २०२३ साली प्रिन्स्टनच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह ‘एसडब्ल्यूई-बेंच’ हा संच प्रसिद्ध केला. १२ पायथन प्रकल्पांमधले २,२९४ खरे प्रश्न घेऊन भाषा-मॉडेलना कोड दुरुस्त करायला लावायचं, आणि प्रकल्पाच्या टेस्ट पास झाल्या तर दुरुस्ती बरोबर धरायची. त्यात सर्वांत जास्त प्रश्न जँगोचे. वर सांगितलेली २०१९ ची नव्या ओळीची दुरुस्तीसुद्धा त्यात आहे.

म्हणजे बघा. एखाद्या मॉडेलने तो प्रश्न सोडवला, पूर्ण गुण मिळवले, तरी ‘कमला’ दाराबाहेरच. गुण देणाऱ्या टेस्टमध्ये तिचं नाव कधी नव्हतंच. उलट एखाद्या मॉडेलने तिलाही आत घेणारी दुरुस्ती केली, तर तिला जास्तीचा एकही गुण नाही. मोजपट्टीवर जी खूण नाही ती लांबी मोजली जात नाही. संशोधनपद्धतीच्या पेपरात तुम्ही ‘वैधता’ पाठ करता ना, म्हणजे जे मोजायचं म्हणतो तेच मोजतोय का, तिचा हा प्रत्यक्षातला नमुना.

तुम्हाला असं परीक्षण लिहायचं असेल तर क्रम साधा आहे. कोणती आवृत्ती वाचली ते लिहा. सॉफ्टवेअर स्वतःच्या दस्तऐवजात काय दावा करतं ते शोधा. टेस्टमधली इनपुट गटांत मांडा. रिकामे गट शोधा. रिकाम्या गटातलं एक इनपुट स्वतः चालवून बघा. मग टेस्ट लिहिणाऱ्याची बाजू मांडा, आणि शेवटी तुमची मागणी एका टेस्टच्या रूपात द्या. नुसतं ‘भारतीय भाषांकडे दुर्लक्ष होतं’ असं लिहिलं तर सगळे मान डोलावतील आणि काही होणार नाही. ‘कमला’ हे एक नाव चालणाऱ्या यादीत घातलं तर लाल दिवा लागतो, आणि लाल दिव्याला कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

तुमच्या प्रोजेक्टपुरता उपाय मात्र आजच होतो. जँगोत स्वतःचा पहारेकरी नेमण्याची सोय आहे. त्यात देवनागरीचा पट्टा जोडा, पण दंड आणि दुहेरी दंड वगळा, नाहीतर पूर्णविरामासारखी चिन्हं नावात शिरतील. ‘ॲ’ आणि ‘ऱ’ साठवण्याआधी एका रूपात आणा. आणि टेस्ट लिहिताना यादीत पहिलं नाव स्वतःच्या आजीचं घाला. बघा पास होते का.